दिवसाढवळ्या आडवं होणं

गेल्या वर्षी मे महिन्यात शेतातल्या कडुलिंबाला आणि केशर आंब्याला मी हॅमॉक, म्हणजे झोपायचं टांगतं कापड, बांधला. अंबाजोगाईच्या पुढे, बालाघाटच्या पठारावर आमचं रान आहे. भाऊ कसतो, मी सुट्टीत जाते. पट्टे आवळून, वजन टाकून बघून झालं तेवढ्यात आई पायवाटेनं आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं आधी कापडाची किनार दोन बोटांत धरली, चुरगाळली, सोडली. "सुती हाय," स्वतःशीच म्हणाली. मग पट्टा ओढून पाहिला, पट्ट्याच्या कडेनं सालीवरून हात फिरवला. तिला पसंत पडलंय असं बघून मी म्हटलं, "आई, पड की जरा." ती खाली, लिंबाच्या गळून वाळलेल्या फुलोऱ्यावरच बसली. म्हणाली, "मला नको माय. दिवसाढवळ्या बाईमाणूस आडवं दिसलं की लोकं इचारतेत, बरं न्हाई का म्हून." बोलण्यात तक्रार नव्हती. जरा वेळानं ती उठून घराकडे गेली, चिंचा फोडायच्या राहिल्या होत्या. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना.

कारण ते खरं होतं. आईला दिवसा आडवं झालेलं मी कधी पाहिलंय ते आठवायला बसले. धाकट्या भावाच्या वेळी बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी आणि ओव्याचा धूर असताना. एकदा टायफॉइडमध्ये. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यावर पट्टी असताना. प्रत्येक वेळी ती घराच्या आतल्या खोलीत होती, आणि प्रत्येक वेळी थोड्या थोड्या वेळानं विचारत होती, भाकरी टाकल्या का, जनावराला पाणी दाखवलं का. पाठ टेकायला तिला आजार तरी लागायचा नाहीतर बाळंतपण तरी. वडिलांची बाज दारापुढच्या लिंबाखाली बारा महिने पडलेली असे. केकताडाच्या सुंभानं विणलेली, मधे झोळ आला की पायथ्याकडची दोरी तेच बसून ताणून घेत. जेवण झालं की उपरणं तोंडावर ओढून पडायचे, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणी त्यांना बरं नाही का असं कधी विचारलं नाही. आलेला माणूस बाजेच्या कडेला टेकायचा, तंबाखू मळायचा, त्यांना झोप लागली असली तर उठून जायचा. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर दुपारी गडीमाणसं पाय लांब करून झोपलेली असत, आणि बायका त्या पाराला वळसा घालून, मान खाली घालून आडावर जात. मीही जायची त्यांच्याबरोबर. माझी घागर लहान होती, वळसा तेवढाच होता.

बाईनं उघड्यावर पाठ टेकावी अशी जागा अख्ख्या गावात नव्हती.

हॅमॉक मला हवा होता तो पाठीसाठी आणि आभाळासाठी. दिवसभर खुर्चीत बसून माझी कंबर धरते, आणि शहरातल्या फ्लॅटमधून दिसतो तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांमधला तुकडा. घ्यायचं ठरल्यावर मी बरेच बघितले. दुकानात टांगलेला असतो तो बहुतेक दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेला. फोटोत तोच देखणा दिसतो. पण दांडीमुळे कापड सपाट ताणलेलं राहतं, माणसाचं वजन वरच्या वर राहतं आणि कूस बदलायला गेलं की सगळंच उलटतं. बिनदांडीचा, टोकाला कापडाच्या चुण्या करून एकत्र आवळलेला असतो त्यात अंग खाली बसतं, दोन्ही कडा वर येतात, म्हणून तो सहजी पालथा होत नाही. मूळचा प्रकार हाच. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथल्या माणसांच्या घरांत सुती जाळ्यांची अशी टांगती अंथरुणं त्यानं पाहिली आणि रोजनिशीत टिपून ठेवली. पुढे ती खलाशांनी उचलली. इंग्लंडच्या आरमारानं १५९७ साली जहाजांवर झोपायला हीच पद्धत घेतली. कापूस पिकवणाऱ्या उष्ण मुलखातल्या लोकांनी शोधलेली वस्तू आमच्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या उष्ण मुलखात एवढ्या उशिरा यावी याचं मला मनापासून नवल वाटतं. आमच्याकडे टांगून झोपायचं ते झोळीत, पाय फुटेपर्यंत. नंतर वाड्यातली बंगई, म्हणजे झोपाळा, पण तिच्यावर कोण बसणार हे ठरलेलं.

कापडाचा विचार मी सगळ्यात जास्त केला. पॅराशूटच्या नायलॉनचा हॅमॉक मुठीत मावतो, भिजला तर लगेच वाळतो, डोंगर हिंडणाऱ्यांनी तोच घ्यावा. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, वारा कोरडा आणि भाजका. अशा हवेत नायलॉन घाम शोषत नाही, पाठीला चिकटतो, आणि रोजच्या उन्हात त्याचा धागा हळूहळू मरतो. दोरीच्या जाळीतून वारा छान येतो, पण उघड्या दंडावर चौकटी उमटतात, आणि बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, केसांचा आकडा, बाईच्या अंगावरचं काही ना काही तिच्यात अडकतं. विकणाऱ्या कुणी हे सांगितलं नाही. जाळी हातात घेतल्यावर माझी बांगडीच त्यात गुंतली तेव्हा कळलं. शेवटी जाड सुती कापडाचा घेतला. लांबी दहा फूट, रुंदी पाच. माझ्या उंचीला एवढं कापड कशाला असं दुकानदार म्हणाला, पण रुंदी लागतेच. हॅमॉकमध्ये डोकं एका टोकाला आणि पाय बरोबर समोरच्या टोकाला ठेवून झोपलं तर पाठ वाकते, गुडघे उलटे ताणले जातात. अंग तिरपं करायचं, डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे आणि पाय उजवीकडे. मग कापड आडवं पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. कापड अरुंद असलं तर तिरपं होता येत नाही. वजनाचा आकडाही पाहून घ्यावा, आपल्या वजनाच्या दुप्पट तरी.

झाडं निवडताना भाऊ बरोबर होता. बांधावर शेवगा आहे, सरळसोट, उंच, बांधायला मोह व्हावा असा. पण शेवग्याचं लाकूड ठिसूळ. शेंगा काढायला फांदीवर पाय दिला आणि फांदीसकट माणूस खाली आला अशा गोष्टी आमच्याकडे घरोघरी आहेत. बाभळीचं लाकूड लोखंडासारखं, तिची अडचण खालच्या काट्यांची; पायताण काढलं की संपलं. चिंच सगळ्यात भक्कम, तिची सावली गार, पण जोडीला दुसरं झाड हवं आणि आमची चिंच एकटी आहे. राहिले लिंब आणि आंबा. दोघांमधलं अंतर तेरा फूट. लिंबाची पानं फाल्गुनात झडतात, आणि ऊन कडक व्हायच्या बेताला, चैत्रात, झाड नव्या पानांनी गच्च भरतं. उन्हाळ्यासाठीच ठरवून केलेलं झाड वाटतं मला ते. आंबा पश्चिमेच्या अंगाला आहे, म्हणजे दुपार कलल्यावर त्याचीच सावली अंगावर येते. मे महिन्याच्या मध्यावर आमच्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या खांबाची सावली नाहीशी. त्या दिवशी बारा-साडेबाराला झाडाची सावलीही बाहेर कुठे पसरत नाही, फांद्यांच्या घेराखाली जेवढ्यास तेवढी गोळा होते. हॅमॉकचं कापड त्या घेराच्या बाहेर गेलं असेल तर तेव्हा दिसतं. आमचं आतच होतं.

दोरांबद्दल मला शिकवलं ते गावातल्या एका म्हाताऱ्या मामांनी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दोर वळायचं काम होतं. केकताडाची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, वाख काढून धुवून वाळवायचा आणि भिंगरीवर पीळ द्यायचा. अंबाडीचाही वाख करत. पोळ्याच्या आधी गावातल्या प्रत्येक बैलाला नवे कासरे, म्होरक्या, वेसणी त्यांच्या हातच्या जायच्या, आणि सुगीला धान्य मिळायचं. आमच्या घरची मोटेची दोरखंडं त्यांच्या वडिलांनी वळलेली. ज्या बाजेवर माझे वडील झोपायचे तिचं सुंभ त्यांचंच होतं, आणि त्या बाजेवर ते कधी बसले नाहीत. दारात यायचे तेव्हा खाली जमिनीवर बसायचे. माझ्या लहानपणी हे सगळ्यांसारखं मलाही दिसायचं आणि कुणी त्याबद्दल काही बोलायचं नाही. पुढे नायलॉन आलं, ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि ते काम गेलं. आता त्यांची मुलं पुण्याकडे आहेत. मी पट्टे बांधत होते तेव्हा ते बांधावरून बघत होते. जवळ आले, पट्ट्यावर तळहात दाबला आणि म्हणाले, "ताई, लई ताणू नका. झोल ठिवा. ताणलेला दोर आधी तुटतो."

हे हिशेबानंही तसंच आहे. दोर जमिनीशी तीस अंशांचा उतार धरून असेल तर साठ किलोच्या माणसाचं प्रत्येक टोकाला साठ किलोच ओझं येतं. तोच दोर ताणून दहा अंशांवर आणला की एकेका टोकावर पावणेदोनशे किलोच्या आसपास ओढ बसते. माणूस तेवढाच असतो, पण पट्टा, कडी आणि झाड तिघांवरही जवळपास तिप्पट भार. म्हणून तेरा फुटांच्या अंतराला पट्टा साडेपाच फुटांवर बांधायचा, मधे भरपूर झोल सोडायचा, आणि बसल्यावर कापड जमिनीपासून गुडघ्याएवढं वर राहील असं बघायचं. मामांनी आयुष्यात अंश मोजले नाहीत. मोट ओढणाऱ्या बैलांच्या पाठीमागे दोर कुठे झिजतो ते त्यांनी पाहिलेलं होतं. मी त्यांना बसायचा आग्रह केला. ते बसले. दोन्ही हातांनी कडा धरून, पाय जमिनीवर टेकवून, थोडेसे झुलले. मग मला म्हणाले, "पट्टा रुंद घेतला ते चांगलं केलं." पातळ नायलॉनची दोरी झाडाला करकचून बांधली की साल कापली जाते, आणि सालीच्या आतल्याच थरातून झाडाचं अन्न खाली मुळाकडे जातं; तो थर चहूबाजूंनी तुटला तर झाड मरतं. पट्टा निदान इंचभर रुंद हवा. आमचे दोन इंची आहेत, ट्रॉलीवर माल आवळायला लागतात त्या दुकानातून आणलेले.

बांधून झाल्यावर पहिल्या दुपारी मी झोपले त्याबद्दल लिहायला हवं, कारण त्यासाठीच हे सगळं केलं होतं. आधी बुड टेकवायचं, मग फिरून पाय आत घ्यायचे आणि तिरपं सरकायचं. कापड दोन्ही बाजूंनी वर आलं. दंडांना नव्या सुताचा खळीचा वास. पाठीच्या खाली काहीही टोचत नव्हतं, कुठेही कडक काठ नव्हता, कमरेतली कळ सैल होत गेली ती मला कळत होती. वर लिंबाची पानं आणि त्यांच्यामधून हलणारे उन्हाचे कवडसे. डोळे मिटले तरी पापण्यांवर ते तांबडे होऊन फिरत. लांब कुठेतरी बोअरची मोटर, त्यापलीकडे होल्याचं एकसुरी घुमणं. झळा येत होत्या, पण सावलीत पोचेपर्यंत त्यांची धार जाई, आणि पाठीखालून वारा जात असल्यामुळे बाजेवर होतो तसा घाम होत नव्हता. आंब्याचं एक पाड लागलेलं फळ धपकन पडलं. मी डोळे उघडले नाहीत. हेलकावा माझ्या श्वासाबरोबर चालला होता. असं डोलल्यानं झोप लवकर येते हे आपल्या आज्यांना माहीत होतं. २०११ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते मोजूनही दाखवलं. दुपारच्या पाऊण तासाच्या डुलकीत, डोलणाऱ्या पलंगावर, माणसं लवकर झोपली आणि गाढ झोपेकडे लवकर वळली. त्या प्रयोगात झोपलेले बाराही जण पुरुष होते. हे वाचलं तेव्हा मला आईचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य समोरच येऊन उभं राहिलं.

आमच्या शेजारच्या रानात बायका धसकटं वेचायला आल्या होत्या. पेरणीच्या आधी रान साफ करायचं हे काम उन्हात वाकून करायचं असतं, तुरीची आणि कपाशीची बुडखं हाताला लागतात, म्हणून त्या पहाटे लागतात आणि ऊन चढलं की सुटतात. सुटून जाताना आमच्या लिंबाखाली पाणी प्यायला थांबल्या. मी पडलेली. त्यातली एक वयस्क बाई जवळ आली, माझ्या कपाळाला हात लावावा की नाही अशा विचारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अक्का, आंग दुखायलंय का?" तिच्या आवाजात खरी काळजी होती. मी उठून बसले. म्हटलं, नाही मावशी, उगंच पडले. "उगंच?" असं म्हणून ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं हॅमॉककडे, माझ्याकडे, झाडाकडे बघितलं. तिच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. सकाळपासून वाकलेल्या बाईसमोर मी झोपून आहे याची टोचणी मला लागली, आणि त्याच वेळी असंही वाटलं की मी उठून खुर्चीवर बसल्यानं तिच्या पाठीला काय मिळणार आहे? या दोन्ही गोष्टी मला अजून एकमेकींत बसवता आलेल्या नाहीत.

त्या बायकांपैकी निम्म्या दिवाळी झाली की उसाला जातात. आमच्या भागात घरटी कुणीतरी जातंच. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पाच-सहा महिने कोपीत. टांगतं अंथरुण मी सगळ्यात जास्त पाहिलं ते याच बायकांच्या हातचं. लुगड्याचं दुहेरी धडपं गाडीच्या साटीला बांधायचं किंवा फडाच्या कडेच्या बोरीबाभळीला, आत तान्हं ठेवायचं, उन्हाच्या अंगाला दुसरं फडकं लावायचं. त्यांना झोल किती ठेवायचा, जमिनीपासून किती उंच, मुंगळे चढणार नाहीत अशी गाठ कुठे, हे सगळं हाताला पाठ असतं. बाळ झोळीत झोपतं आणि आई मोळी उचलते. तिला एक दिवस अंग टाकायचं झालं, पाळीत पोट दुखतंय म्हणून, ताप आहे म्हणून, तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं उजेडात आलं आणि सरकारनं समिती नेमली, तेव्हा महाराष्ट्रभर लोक हादरले. आमच्या गावात कुणाला धक्का बसलेला मी पाहिला नाही. खाडा परवडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आई जे म्हणाली ते मला इथे नीट कळलं. आडव्या झालेल्या बाईला लोक बरं नाही का असं विचारतात, कारण बरी असताना आडवं व्हायची मुभा तिला कुणी दिलेलीच नसते. काहींच्या बाबतीत तर बरी नसतानाही नाही.

एक दिवस मात्र होता. पंचमी. माहेरी आलेल्या लेकी, हातावर ओली मेंदी, लिंबाच्या आडव्या फांदीला सोलाचा झोका. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, रानात औत न्यायचं नाही. उकडलेली दिंडं करून झाली की बायका मोकळ्या. आई तिच्या माहेरी झोक्यासाठी नावाजलेली होती असं मामा सांगायचा. दोघी समोरासमोर फळीवर उभ्या राहून झोका चढवायच्या, आणि ती इतकी वर जायची की शेंड्याकडची पानं दातात धरून आणायची. मी एकदा तिला हे खरं का म्हणून विचारलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "पाय जमिनीला लागला की कामच हाय की." तेव्हा टांगलेल्या कापडाची भीती तिला नव्हतीच. पण झोक्यावर बाई उभी असते, गाणं म्हणत असते, दहा जणींच्या गराड्यात असते, आणि सणाची तिला आडकाठी नसते, उलट आधार असतो. हॅमॉकमध्ये एकटीनं, कुठल्याही तिथीशिवाय, गप्प पडायचं.

बायका दुसऱ्या दिवशीही पाण्याला थांबल्या. मी आधीच उठून बाजूला बसले होते आणि कापड रिकामं होतं. कुणी बसावं असं मी म्हटलं नाही. एक तरणी पोर आधी चढली, तिच्या मागोमाग दुसरी, हसण्याचा गलका झाला. चिंध्या गुंडाळलेल्या हातांची ती मावशी शेवटी आली. मी फक्त तिरपं कसं सरकायचं ते दाखवलं. ती आडवी झाली, पदर तोंडावर घेतला, आणि बाकीच्या भाकरी सोडून बसल्या तरी उठली नाही. कुणी तिला हाक मारली तर दुसरी म्हणाली, "पडू दे, पहाटं तीनला उठलीय." धसकटं संपेपर्यंत त्या रोज थांबत राहिल्या. कुणाची बारी कधी हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. जूनच्या पहिल्या वळवाला मी तो सोडवून घडी करून घरात ठेवला. सुती कापड भिजत राहिलं तर बुरशी धरतं, हे एक कारण, दुसरं महत्त्वाचं. आमच्याकडे मिरगाच्या तोंडावर विजा पडतात आणि दरवर्षी झाडाखाली थांबलेली माणसं आणि जनावरं जातात. आभाळ गडगडायला लागलं की झाडाखालून बाहेर पडायचं, हॅमॉक असो नसो.

यंदा एप्रिलात पुन्हा बांधला. या वेळी आई त्यात बसायला लागली. झोपत नाही, कापड आडवं पसरून, पाय खाली सोडून, पाठीला कड घेऊन बसते आणि मांडीवरच्या सुपात चिंचा फोडते. गाभुळलेल्या चिंचेचे डाग त्या कापडावर पडलेत ते धुवून जात नाहीत. चिंचोके एका पाटीत, चिंच दुसऱ्या पाटीत, आणि मधून मधून तिचा पाय आपोआप जमिनीला रेटा देतो. हातात काम असलं की तिला कुणी काही विचारत नाही. मी तिला पुन्हा झोपायला सांगितलं नव्हतं. परवा चिंचा संपल्या. सूप बाजूला ठेवलं, तरी ती उठली नाही. लांबवर रस्त्यानं मोटरसायकल चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे रस्त्याच्या अंगाला बांधलंय तुम्ही. मला बांधायचं असंल तर वढ्याच्या अंगाला बांधा. आन् वीतभर खाली."

म्हणून आम्ही ओढ्याकडे जाऊन बघून आलो. जागा चांगली आहे, वाटेवरून दिसत नाही, करंजाचा आडोसा आहे, दुपारनंतर वारा वाहता. पण बांधायला एकच बाभूळ. दुसऱ्या टोकाला खांब रोवावा लागणार. झाडाला मुळं असतात, खांबाला फक्त खड्डा. आईच्या वजनालाही पाच फुटांवरून पन्नासेक किलोची आडवी ओढ बसणार आणि काळ्या मातीचा भरवसा नाही. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते, त्यात उभे केलेले खांब दरवर्षी थोडे थोडे कलतात. भाऊ म्हणाला, मुरूम लागेपर्यंत खोल जाऊ, तीन फूट तरी, वरचं तोंड जरा बाहेर झुकतं ठेवू आणि खाली काँक्रीट ओतू. जुन्या गोठ्याचा लोखंडी पाइप पडून आहे, तो चालेल. खड्डा रोहिण्या संपायच्या आत व्हायला हवा. मिरग लागला की त्या रानात पाय ठरत नाही, आणि गडीमाणसंही पेरणीला गुंततात.